मुशीचं अंडं आणि आडाचा दोर

माझ्या हाताला मासळीचा वास येतो का, हे माझ्या सासूबाई कसं तपासतात, याचा मी लग्नानंतर बरेच महिने बारकाईनं अभ्यास केला होता. प्राणिशास्त्राचा त्याच्या निम्म्यानं केला असता तरी आमचे सर खूश झाले असते. चहाचा कप मी हातात दिला की त्या कपासकट माझी बोटं धरायच्या आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवायच्या. मी घड्या घालून ठेवलेली साडी त्या पुन्हा उलगडायच्या, झटकायच्या आणि पुन्हा घडी घालायच्या. शेजारणीला वाटायचं, टापटिपीची हौस आहे. मला पक्कं ठाऊक होतं की त्या हुंगतात.

माझा स्वभावच तसा आहे, आजही आहे. कुणी गोड बोलायला लागलं की मला आधी वाटतं, कुठंतरी पाणी मुरतंय.

माझं माहेर मंगळवेढ्याचं. वडिलांची ज्वारीची जमीन आणि बाजारात लहानसं किराणा दुकान. सोलापूरचं स्थळ आलं तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, सोलापुरातच होस्टेलला राहून शिकत होते. सासरी माणसं दोनच. नवरा, ज्यानं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत नुकतेच टॉवेलचे चार माग टाकले होते, आणि त्याची विधवा आई. बैठकीत वडिलांनी एकच अट घातली, मुलगी शिक्षण पूर्ण करील. सासूबाई म्हणाल्या, करू दे की. वडील म्हणाले, सायन्सला आहे. कसलं सायन्स, हे त्यांनी विचारलं नाही आणि वडिलांनीही आपणहून सांगितलं नाही. आम्ही लिंगायत. दोन्ही घरांत पिढ्यान्‌पिढ्या कुणी साधं अंडंही उंबऱ्याच्या आत आणलेलं नव्हतं. लेक टेबलावर मासे फाडते, हे सांगायला वडिलांची जीभ रेटली नसणार.

सासूबाई अक्कलकोटच्या बाजूच्या. घरात कानडी चालायची, म्हणून नवरा आईला अव्वा म्हणायचा आणि सासूला मीही त्यांच्या पद्धतीनं अत्तीच म्हणायचे. मला कानडी अर्धीमुर्धी समजायची, बोलताना तारांबळ उडायची. त्यामुळं अत्ती माझ्याशी मराठीत बोलायच्या आणि मुलाशी कानडीत. मी खोलीत शिरले की दोघं गप्प व्हायची. आता तुम्हीच सांगा, अशा घरात माणसानं संशय घ्यायचा नाही तर काय घ्यायचं?

आमच्यात लहानपणी दीक्षा होते आणि गळ्यात इष्टलिंग येतं. कुणी ते चांदीच्या डबीत ठेवतं, आमच्या घरी साधं पांढऱ्या फडक्यात गुंडाळून दोऱ्यात बांधत. ते अंगावरून उतरत नाही. रोज आंघोळ झाली की तळहातावर घेऊन पूजा करायची, परत बांधायचं, मगच तोंडात घास. दुसऱ्याच्या लिंगाला आपण हात लावत नाही, मग तो नवरा असो की आई.

पण प्रॅक्टिकलला ट्रेवर वाकलं की माझं लिंग पुढं लोंबायचं, थेट फॉर्मालिनच्या दिशेनं. एकदा फडक्याचं टोक भिजलंच. दुसऱ्या दिवसापासून मी दोरा आखूड केला आणि लिंग उजव्या दंडाला बांधायला लागले. आमच्यातले काही जण तसं बांधतातच. वरून कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं. कॉलेज सकाळचं असल्यामुळं पूजा मी पहाटे माझ्या खोलीत उरकायचे, नवरा तेव्हा झोपलेला किंवा पाळीवर आणि अत्ती आपल्या पूजेत, त्यामुळं हे कुणाला सांगायची वेळच आली नाही.

मासे कोकणातून यायचे, पत्र्याच्या डब्यात फॉर्मालिनमध्ये बुडवून, रेल्वेनं. आमच्या वर्गातल्या एकीनंही समुद्र पाहिलेला नव्हता. आमचा समुद्र म्हणजे तो डबा. झाकण उचकटलं की डोळ्यांतून धारा लागायच्या. लॅबमधले शिपाई, ज्यांना आम्ही सगळ्या मामा म्हणायचो, ते आत हात घालून एकेक मासा उचलून ट्रेमध्ये टाकायचे. नेमलेला मासा एकच, मुशी. म्हणजे लहान जातीचा शार्क. करडी, निमुळती, टोकदार नाकाची. तिची कातडी शेपटीकडं हात फिरवला तर गुळगुळीत आणि उलट फिरवला तर पॉलिश पेपर. ती अंडी घालत नाही, तिच्या पोटात नाळेला धरून पिल्लं वाढतात. पुस्तकात असं होतं, परीक्षेत असंच यायचं.

शिवरात्र होऊन गेल्यावर जो डबा आला, त्यातला माझ्या वाट्याचा मासा मात्र निराळा निघाला.

मामांनी तो ट्रेमध्ये ठेवला आणि हात पुसता पुसता थांबले. "ही वायली हाय बाई. मिशा हायत की हिला."

खरंच होत्या. नाकपुड्यांपाशी दोन आखूड मांसल मिशा. रंग तपकिरी, कुठं कुठं फिकट पट्ट्यांच्या खुणा. तोंड लहानसं आणि डोळ्यांच्याही पुढं, खालच्या बाजूला. डोळ्याच्या मागंच एक ठसठशीत भोक. पाठीवरचे दोन्ही पर मागं सरकलेले, पोट सपाट आणि शेपटी इतकी लांब की निम्मा मासा म्हणजे शेपटीच. मला वाटलं, कोकणातल्या व्यापाऱ्यानं आपल्याला फसवून भलताच मासा गळ्यात मारला. मी तसं सरांना सांगितलंही.

सर चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले. मग एकदम खुशीत आले. म्हणाले, ही पण मुशीच आहे, पण तळाला राहणारी. हिला वरच्या मोकळ्या पाण्याचं काही पडलेलं नाही. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात खडकांच्या कपारी असतात, शेवाळ असतं, गाळमिश्रित वाळू असते, तिथं ही दिवसभर पडून राहते. पुष्कळ शार्कना श्वासासाठी सतत पोहत राहावं लागतं, हिला लागत नाही. एका जागी पडल्या पडल्या ही पाणी आत ओढते आणि कल्ल्यांवरून बाहेर सोडते. तोंड गाळात टेकलेलं असलं तरी डोळ्यामागच्या या भोकातून पाणी आत येतं. ओहोटीला समुद्र मागं हटला आणि ही एखाद्या डबक्यात अडकली, तरी तग धरते. अंधार पडला की बाहेर निघते आणि मिशांनी तळ चाचपत खेकडे, कोळंबी, किडे शोधते. नाकाडावर ही बारीक छिद्रं दिसतात ना, सर म्हणाले, त्यांतून हिला वाळूखाली दडलेला जीव समजतो. जिवंत प्राण्याच्या अंगात अगदी बारीक वीज असते, तो नुसता श्वास घेत असला तरी. ती हिला कळते.

मला ती मुशी बघता बघता ओळखीची वाटायला लागली. कोपऱ्यात न बोलता पडून राहायचं आणि कोण कुठं हलतंय ते नाकानं ताडायचं. घरी रोज माझ्यासमोर दुसरं कोण बसलेलं असायचं?

पोट उघडलं तर आत आणखी नवल. दोन्ही बाजूंच्या नळ्यांत एकेक पिशवी. लांबट गोल, तपकिरी, चामड्यासारखी चिवट, कडेनं रेशमासारखे तंतू. बोटाएवढी लांब. मी चिमट्यानं धरून वर उचलली तेव्हा बाजूच्या पोरी मागं सरकल्या.

"अंडं आहे," सर म्हणाले. "ही अंडी घालते. एका वेळी दोन. खडकाच्या खबदाडीत या तंतूंनी चिकटून राहतात."

"आणि मग?"

"मग काय, आई निघून जाते. परत येत नाही. पिल्लू आतल्या बलकावर वाढतं, दोन-तीन महिने. नंतर पिशवीच्या कडेला चिरा पडतात, बाहेरचं पाणी आत यायला लागतं, पिल्लू शेपटी हलवून ते फिरतं ठेवतं. तयार झालं की चीर फाडून बाहेर."

असला मासा आमच्या कॉलेजात कधी आला नव्हता. एक पिशवी बरणीत ठेवायची असं ठरलं. दुसरीचं चित्र मी माझ्या जर्नलमध्ये काढावं आणि परीक्षेला बरोबर आणावं, बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना दाखवू, असं सर म्हणाले. मी वर्गातली काही हुशार मुलगी नव्हते. पहिल्यांदाच कुणी माझ्या कामाकडं असं बघत होतं. मला फार आनंद झाला आणि लगेच शंका आली, की सर दुसऱ्या कुणाला तर ते देणार नाहीत ना. म्हणून मी चित्र घरी काढीन म्हटलं. मामांनी पिशवी आतून रिकामी केली, धुतली, चार दिवस वाळवून माझ्या हातात दिली.

"न्या, पर घरात कुणाला दावू नगा," ते म्हणाले. "तुमच्याकडं चालायचं न्हाय."

घरी नवऱ्याच्या मागावरच्या कापडाचे तुकडे पडलेले असायचे. त्यातलं एक पांढरं फडकं घेऊन मी ती पिशवी त्यात गुंडाळली, पांढऱ्या सुताच्या दोऱ्यानं बांधली आणि ट्रंकेत साड्यांच्या तळाशी ठेवली, वर चार डांबरगोळ्या. दुपारी अत्ती लवंडल्या की काढायचं, थोडं चित्र रेखाटायचं, परत बांधून ठेवायचं.

त्या दिवसांत माझं जेवण तुटलं होतं. फॉर्मालिन नाकात इतकं बसलेलं असायचं की आमटीलाही तोच वास. रात्र रात्र झोप नाही. परीक्षेची धास्ती होती, वरून घरातलं हे लपवाछपवीचं ओझं. एकदा नाळेचं चित्र चुकलं म्हणून मी जर्नलवर डोकं ठेवून रडले. डोकं वर केलं तर दारात अत्ती उभ्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. तशाच मागं फिरल्या. माझ्या मनात पाल चुकचुकली.

आणि मग एकेक गोष्टी घडायला लागल्या.

आमच्या परसात आड होता. नळ असला तरी आंघोळीचं, धुण्याचं पाणी आम्ही आडाचंच शेंदायचो. एका सकाळी पाहिलं तर रहाटावर दोर नाही आणि पोहराही नाही.

"अत्ती, दोर कुठं गेला?"

"कुजलाय."

"यांना सांगू का नवीन आणायला?"

"कशाला? नळाला पाणी येतंय की."

दोर दिवाळीला आणलेला होता आणि चांगला पिळदार होता. मी मनाशी म्हटलं, बरोबर आहे, मासळीचे हात घरच्या पाण्याला नकोत.

दोन दिवसांनी रॉकेलचा डबा स्वयंपाकघरातून हलला. तेव्हा रॉकेल रेशनवर, त्यामुळं डबा जपूनच ठेवायचे, पण तो अत्तींच्या खोलीत गेला आणि खोलीला कुलूप लागलं. स्टो आता फक्त त्याच पेटवायच्या. मी जवळ गेले की म्हणायच्या, तू बस यव्वा, भाजी निवड. म्हणजे चुलीजवळही नको. मग न्हाणीघराची आतली कडी गायब झाली. खिळे सैल झाले होते म्हणे. मी आंघोळीला गेले की बाहेरून हाक यायची, "झालं का?" उत्तर द्यायला जरा वेळ लागला की पुन्हा हाक. मी आत लिंबाच्या फोडीनं नखं घासत असायचे, अंगाचा नुसता भडका उडायचा. आत किती वेळ हात धुते ते मोजतात, दुसरं काय.

नवऱ्याची मागावर रात्रपाळी असली की अत्ती आपली वळकटी उचलून माझ्या खोलीत यायच्या. सकाळी नवरा पाळीवरून तसाच, डोळे चोळत, मला सायकलवर कॉलेजला सोडायला. आधी कधी सोडलं नव्हतं. फाटकातून मी आत जाईपर्यंत उभा. मी विचारलं, "कुणी सांगितलं?" तो म्हणाला, "अव्वा म्हणाली." आणि माझ्याकडं असं बघितलं, की मला त्या बघण्याचाच राग आला. माणूस परत करायच्या वस्तूकडं असं बघतो.

सगळ्यात वाईट म्हणजे अत्ती गोड वागायला लागल्या. ताटात तूप जास्त. अवेळी पुरणाची पोळी. केसांना तेल लावून देते, इकडं ये. तेल लावताना त्यांची बोटं मानेवर थांबायची, गळ्याशी चाचपल्यासारखी करायची आणि मागं जायची. मी अंग आखडून बसायचे. आता हुंगायला मान पण पुरेना का, असं मनात यायचं.

शुक्रवारी ट्रंक उघडली तर तळाशी गाठोडं नव्हतं. साड्या सगळ्या बाहेर काढल्या. डांबरगोळ्या तेवढ्या मिळाल्या. चित्र अर्धंच झालं होतं, परीक्षा सोमवारी होती.

संध्याकाळी दिवा लावायला देवाच्या कोनाड्यापाशी गेले आणि हातातली काडी तशीच जळत राहिली. कोनाड्यात माझं गाठोडं होतं. त्यावर विभूतीची बोटं ओढलेली आणि वर बेलाचं पान.

मुशीचं अंडं, लिंगायताच्या देव्हाऱ्यात. मी ठरवूनच टाकलं, की अत्तींनी ते उघडून बघितलं आहे आणि देवापुढं पुरावा म्हणून ठेवलंय, चार माणसांना दाखवायला. पुराव्याला कुणी बेल वाहतं का, हा साधा प्रश्न मला पडला नाही. शनिवारी नवं पान होतं, रविवारी आणखी नवं. मी तिथून ते उचलू शकत नव्हते, कारण अत्ती कोनाड्यासमोरून हलतच नव्हत्या. रविवारी दुपारी अत्ती दारामागं मुलाशी कानडीत बोलत होत्या, त्यात माझ्या गावाचं नाव ऐकू आलं.

सोमवारी सकाळी मंगळवेढ्याची पहिली एसटी आली असेल-नसेल, माझे वडील दारात. टोपी हातात घेऊन कॉटवर बसले आणि माझ्याकडं बघेनात.

"पावणं," अत्ती म्हणाल्या, "पोरीला चार दिवस तिकडं न्यावा. आईजवळ र्‍हाऊ दे."

"आजच?" वडिलांनी विचारलं.

"आजच."

अकरा वाजता माझी परीक्षा होती. ती चुकली की वर्ष गेलं, आणि माहेरी बसलेल्या मुलीला पुढच्या वर्षी कोण परत पाठवणार होतं?

"चार दिवस कशाला, कायमचीच पाठवा," मी म्हटलं. "माशाला हात लावते म्हणून हाकलायचं आहे ना, मग वडिलांना सरळ तसं सांगा. दोर काढला, रॉकेल कुलपात घातलं, न्हाणीची कडी काढली, झोपेतसुद्धा पहारा. एवढा विटाळ होत होता तर त्या बैठकीतच नाही म्हणायचं होतं."

वडील उठून उभे राहिले. अत्ती माझ्याकडं बघतच राहिल्या.

"मासा?" त्या म्हणाल्या. "माशाचं मला पयल्या म्हैन्यातच कळलंय. तुझ्या हाताचा वास काय लिंबानं जातंय? लिंग अंगावर हाय तर इटाळ कसला?"

"मग काय केलंय मी?"

त्यांनी कोनाड्याकडं नुसती मान वळवली. आवाज एकदम खाली गेला. "काढून ठेवलीस की."

"काय काढून ठेवलं?"

"लिंग. ट्रंकेत खाली घालून. तुझा गळा मोकळा हाय, दिसत न्हाई का मला?"

मला समजायला वेळ लागला. मग मी पोलक्याची बाही वर सरकवली. वडिलांसमोर, कसलीही लाज न धरता. दंडावर पांढरं फडकं होतं, आमच्या मंगळवेढ्याच्या घरी बांधलेलं, कडांशी मळलेलं. अत्ती पुढं आल्या. हात लिंगापर्यंत आला आणि थांबला, त्यांनी त्याला स्पर्श केला नाही. खाली माझं कोपर तेवढं घट्ट धरलं. मग भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसल्या.

मग त्या वडिलांकडं बघून बोलायला लागल्या, पण सांगत होत्या मला.

"माझी धाकटी भैन हुती. लगीन करून दिली, ही अशीच जेवंना, बोलंना. मी चार दिवस तिच्याकडं गेलते. सकाळी उठून बघितलं तर देवापुढं पांढरं फडकं, दोऱ्यानं बांधलेलं. लिंग अंगावर ठिवून असलं कराय नगो म्हणून काढून ठेवलीती ती. मला वाटलं, पूजा करायला ठेवली आसंल. कुणाच्या लिंगाला आपण हात कशाला लावायचं, म्हणून मी गेले न्‌ चहा ठेवला." त्यांनी परसाच्या दाराकडं बघितलं. "दुपारी आडात सापडली."

वडील पुन्हा कॉटवर बसले.

दोर, रॉकेल, कडी, रात्रीची वळकटी, नवऱ्याची सायकल. माझ्या डोळ्यांसमोर एकेक वस्तू आली आणि गेली. घरातली ही दोन माणसं इतके दिवस माझा जीव सांभाळत होती आणि मी त्यांच्यावर दात खात होते. मला रडू आलं, आणि यावेळी दारात कोण आहे ते मी बघितलं नाही.

"विचारायचं तरी," मी म्हटलं.

"इचारलं आसतं तर तू हसून न्हाई म्हणाली आसतीस," अत्ती म्हणाल्या. "तिनं पण तसंच म्हणालं आसतं." मग त्यांनी कोनाड्यातलं गाठोडं खाली काढलं. गाठ माझीच होती, जशीच्या तशी. त्यांनी ते उघडलंच नव्हतं. "मग हे कुणाचं हाय?"

खोटं बोलायची ताकद राहिली नव्हती. "अंडं आहे. माशाचं."

वडिलांनी डोळे मिटून घेतले. अत्ती हातातल्या गाठोड्याकडं बघत होत्या.

"तीन दिवस इभूत लावालीय मी ह्याला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्या हसल्या नाहीत. "आत काय हाय?"

"काही नाही. रिकामं आहे." मी दोरा सोडला आणि पिशवी त्यांना दाखवली. समुद्राच्या तळाला ती मुशी कशी राहते, पिशवी कपारीत कशी चिकटून राहते, पिल्लू आत कसं वाढतं, हे जमेल तसं सांगितलं. सरांसमोर सांगताना माझी बोबडी वळायची, तेव्हा वळली नाही.

"आन्‌ आई?"

"जाते. अंडं ठेवून निघून जाते."

"मग बघतंय कोण त्याला?"

"कुणी नाही."

"हे काय बरं न्हाई," अत्ती म्हणाल्या. त्यांनी बेलाचं पान बाजूला केलं, पदराच्या टोकानं फडक्यावरची विभूती पुसली, पिशवी परत त्यात गुंडाळली आणि माझ्या हातावर ठेवली. आमच्या घराण्यात कुणी अंड्याला हात लावला तो असा. "परीक्षा कवा हाय?"

"अकराला."

"मग बसलीस काय? ऊठ."

चित्र अर्धंच राहिलं होतं. परीक्षकांनी पिशवी उलटसुलट करून पाहिली आणि फडक्याला हे राखेसारखं काय लागलंय, असं विचारलं. मी म्हटलं, घरचं आहे. त्यांनी पुढं काही विचारलं नाही आणि मी पास झाले.

पुढं खूप वर्षांनी त्या जातीच्या मुशीबद्दल आणखी एक गोष्ट मला कळली. पिशवीतल्या पिल्लालाही बाहेरच्या जिवाची वीज समजते. कुणी मोठा मासा जवळ आला की ते शेपटी हलवायचं थांबवतं, श्वास रोखतं आणि निपचित पडून राहतं. ते वाचलं तेव्हा अत्ती हयात नव्हत्या. नाहीतर मी त्यांना सांगितलं असतं, की ते पिल्लू कसं असतं हे मला चांगलं माहीत आहे.

त्या सोमवारी मी घरी आले तेव्हा वडील दुपारच्या एसटीनं परत गेले होते. परसात गेले तर रहाटावर दोर होता, दिवाळीचाच, आणि शेजारी पोहरा. मी पोहरा आडात सोडला. मागं पायरीवर अत्ती येऊन बसल्याचं मला कळलं. त्या माझ्या पाठीकडं बघत होत्या. एरवी मी वळून बघितलं असतं. त्या दिवशी मी पाणी शेंदत राहिले आणि त्यांना बघू दिलं.